बाबांची पट्टी

बाबांना अर्धांगाचा झटका आला त्या सकाळी मी वर्गात फळ्यावर बेरजा लिहीत होते. शेजारच्या वहिनी शाळेच्या फाटकापर्यंत धावत आल्या आणि शिपायाला म्हणाल्या, "बाईंना सांगा, वडील पडलेत." मी पोचेपर्यंत चाळीतल्या चौघांनी त्यांना चादरीत घालून टेकडीवरून खाली रस्त्यावर आणलं होतं. घाटकोपरच्या भटवाडीत आमच्या चाळीपर्यंत गाडी चढत नसे. बाबांचा एक डोळा उघडा होता आणि तो माझ्याकडे बघत होता. मी "बाबा, बाबा" म्हणत राहिले. त्यांचे ओठ हलले, पण आवाज आला तो माणसाचा वाटला नाही.

तीन आठवड्यांनी ते हॉस्पिटलातून घरी आले. उजवा हात आणि उजवा पाय गेले होते. बोलणंही गेलं होतं. म्हणजे पूर्ण नव्हे. दोन शब्द राहिले होते, "असू दे". पाणी हवं का? असू दे. कूस बदलू का? असू दे. दुखतंय का? असू दे. तेच शब्द ते रागाने म्हणायचे, काकुळतीने म्हणायचे, कधी कधी लांबलचक वाक्य बोलल्यासारखे चारपाच वेळा म्हणायचे आणि मग आमच्याकडे उत्तराच्या अपेक्षेने बघायचे. डॉक्टरांना मी विचारलं, बोलणं परत येईल का. ते म्हणाले, "आलं तर येईल." आई गावाकडची, मुंबईत तीस वर्षं काढून मालवणीच बोलणारी. ती दारात बसून मला म्हणायची, "तेंका पाणी व्हया का चाय व्हयी, ता सुद्धा माका समजणा नाय गो. बत्तीस वर्सां झाली लग्नाक."

बाबा माहुलच्या एका कारखान्यात ड्रायव्हर होते. पण भटवाडीत त्यांना ड्रायव्हर म्हणून कोणी ओळखत नव्हतं. ते बुवा होते. आमच्या गावच्या मंडळींचं भजनी मंडळ होतं. बहुतेक सगळे गिरणीत कामाला. दर शनिवारी संध्याकाळी ते आमच्या खोलीत बसत आणि बाबा गात. काळी दोनमध्ये, म्हणजे पेटीच्या दुसऱ्या काळ्या सुरावर; तीच त्यांची पट्टी. पेटीवाल्याने चुकून दुसऱ्या पट्टीत सूर धरला तर बाबा डोळे न उघडता नुसता हात वर करत आणि पेटीवाला मुकाट्याने बोट सरकवत असे.

त्यांच्या कारखान्यात एक जर्मन इंजिनीअर होता. त्याला बाबा चार वर्षं रोज ने-आण करत. तो मायदेशी परत जाताना त्याने सामान कमी केलं आणि आपला स्पूलचा टेपरेकॉर्डर बाबांना देऊन टाकला. ही सत्तरच्या आसपासची गोष्ट, मी तेव्हा दुसरी-तिसरीत असेन. लाकडी पेटीसारखं जड यंत्र, वर दोन मोठ्या चकत्या, एकीवरची तपकिरी फीत दुसरीवर जात राहायची. सोबत सहा स्पूल होते. त्यांवर त्या साहेबाच्या भाषेतलं काहीतरी भरलेलं होतं. बाबांनी त्यावर आपलं भजन भरलं. माइक ते कपड्यांच्या वलणीला टांगायचे, पखवाजापासून लांब आणि स्वतःच्या तोंडासमोर. "सगळे गप. मशीन चालू," असं एकदा ओरडायचे. ते ओरडणंही प्रत्येक स्पूलच्या सुरुवातीला भरलं गेलंय.

झटका आला तोवर ते यंत्र पलंगाखाली गेलं होतं. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं होती आणि भटवाडीत घराघरात कॅसेट पोचली होती. ज्यांचं कोणी आखातात होतं त्यांच्याकडे रेडिओ आणि कॅसेट एकत्र असलेला मोठा टू-इन-वन होता. स्टेशनच्या बाजूला कॅसेटच्या दुकानात गाण्यांची यादी दिली की चार दिवसांत भरून मिळायची. स्पूल वाजवायचा म्हणजे फितीचं टोक बोटांनी धरून खाचेतून ओवायचं, दुसऱ्या चकतीवर गुंडाळायचं. कोणाला एवढा वेळ होता! मंडळही उरलं नव्हतं. गिरण्यांचा संप झाल्यावर एकेक जण गावी गेला. पखवाजवाले, बाबांचे सगळ्यात जवळचे मित्र, त्यांनी तर जाताना पखवाज आमच्याकडेच ठेवला होता.

बाबा घरी येऊन तीन महिने झाले असतील. एका दुपारी मी शाळेतून आले, तर बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेले आणि आई नुसती बसलेली. खोलीतली ती शांतता मला सहन होईना. मी पलंगाखालून यंत्र ओढलं, धूळ पुसली, हाताला लागला तो स्पूल चढवला. बाबांचा जुना आवाज आला. "सगळे गप. मशीन चालू." मग पेटी, मग टाळ, मग अभंगाची पहिली ओळ.

आणि पलंगावरून बाबांनी दुसरी ओळ म्हटली.

पुटपुटले नाहीत, गायले. शब्द न् शब्द स्वच्छ. तोंड एका बाजूला वाकडं होतं, लाळ गळत होती, पण ओळ पूर्ण होती.  आई उठली आणि त्यांच्या तोंडासमोर बसली. "माझा नाव काय?" ती मोठ्याने म्हणाली. "अहो, माझा नाव सांगा. काय माझा नाव?" बाबा गातच होते. कडवं संपल्यावर मी यंत्र थांबवलं. आईने परत विचारलं. बाबांनी तिच्याकडे बघितलं, खूप जोर लावला आणि म्हणाले, "असू दे."

त्या दिवसापासून यंत्र रोज चालू लागलं. मी सकाळची शाळा संपवून आले की दुपारी तासभर. मला वाटलं होतं, आपण युक्तीने यांना बोलायला शिकवू. एका अभंगात 'पाणी' हा शब्द होता. तिथे मी मुद्दाम यंत्र बंद करायचे. बाबा तो शब्द पूर्ण करायचे. मी लगेच पाण्याचा पेला त्यांच्यासमोर धरायचे. "हे काय आहे, बाबा? आत्ता म्हणालात ना? हे काय?" ते पेल्याकडे बघायचे. ओठ पुढे यायचे. शब्द तिथेच कुठेतरी होता, मला दिसत होता जवळजवळ. पण अभंगाच्या बाहेर काढला की तो त्यांच्या हातातून निसटायचा. दोन महिने मी हे केलं. मग एकदा पेला धरला तेव्हा त्यांनी डाव्या हाताने तो उडवला आणि रडायला लागले. त्यानंतर मी पेला धरला नाही.

मंडळातले दोघेजण अजून मुंबईत होते. त्यांना मी बोलावून आणलं. ते बाबांच्या पायाशी बसून गायले, चांगलं गायले. बाबा ऐकत राहिले. त्यांच्यासोबत एक शब्द म्हटला नाही. बाबा फक्त स्वतःच्या आवाजाबरोबर गाऊ शकत होते.

पावसाळा संपता संपता यंत्राचा वेग उतरू लागला. सुरुवातीला कळलं नाही. आईने आधी ओळखलं. ती म्हणाली, "ह्यो आवाज असो भारी कित्याक झालो?" चकत्या दमल्यासारख्या फिरत होत्या. स्पूलवरचा आवाज जाड होत होता, लय रेंगाळत होती. आणि बाबा त्याच्याबरोबर खाली उतरत होते. यंत्र मंद झालं की ते मंद व्हायचे, सूर खाली गेला की तेही खाली जायचे. शेवटी शेवटी स्पूलवरचे बाबा आणि पलंगावरचे बाबा दोघेही घशाच्या तळाशी घोगरत असायचे, सूर असा उरतच नसे, नुसता श्वास. पण थांबायचे नाहीत. मी यंत्र बंद करायला हात पुढे केला की पलंगावर थापा मारायचे.

मी दुरुस्तीवाला शोधायला लागले. घाटकोपर स्टेशनजवळच्या दुकानांत यंत्राचं नाव काढलं की हसायचे. "बाई, स्पूल? म्युझियममध्ये द्या ना." शेवटी एकाने सांगितलं, साकीनाक्याला एका गाळ्यात एक जण आहे, बघा.

अंधेरीच्या बसने मी यंत्र मांडीवर घेऊन गेले. मांडी बधिर झाली. लेथ मशीनच्या दोन कारखान्यांमध्ये एक अरुंद गाळा होता. सगळीकडे लोखंडाचा कीस. आत पन्नाशीचे एक गृहस्थ स्टुलावर बसून सोल्डरिंग करत होते. मूळचे बुलढाण्याकडचे, तरुणपणी मुंबईत आलेले. मी त्यांना काका म्हणू लागले, ते मला ताई.

त्यांनी झाकण उघडलं आणि आतला रबरी पट्टा बोटाने उचलला. तो शिजलेल्या शेवईसारखा लोंबला. "ताई, हा गेला. आणि हा मिळत नाही." मग फीत ज्यावरून घासत जाते त्या छोट्या हेडवर त्यांनी कापूस फिरवला आणि मला दाखवला. कापूस तपकिरी झाला होता. "हा गंज नाही. हा तुमच्या वडिलांचा आवाज आहे. फितीवरचा लेप सुटतोय. जितक्या वेळा वाजवाल तितका उतरणार."

मी म्हटलं, "मग कॅसेटवर घ्या ना उतरवून."

"घेऊ. पण वाजवायचं कशावर?"

त्यांच्याकडे एक मोठं स्पूलचं मशीन होतं, एका स्टुडिओने काढून टाकलेलं. त्यावर त्यांनी बाबांचा स्पूल चढवून दाखवला. जे ऐकू आलं ते मी विसरू शकत नाही. बाबा चिमणीच्या आवाजात भरभर गात होते आणि त्यांच्या आवाजाखाली दुसरंच कोणीतरी बोलत होतं, उलटं, आत ओढल्यासारखं. बाईचा आवाज. मी म्हटलं, "हे कोण?" काकांनी फीत काढली, पालथी करून परत लावली. आता बाबा उलटे झाले आणि बाई सुलटी. चिमणीच्या आवाजातच, पण ओळखता आली. आई होती. रॉकेलचा डबा कुठे ठेवला ते विचारत होती. मागे एक लहान मुलगी पाढे म्हणत होती. ती मी.

काकांनी समजावून सांगितलं. तुमचं यंत्र घरगुती. फीत महाग, म्हणून घरच्या यंत्रात एकाच फितीवर चार रांगांत आवाज भरायचे, दोन जाताना आणि दोन येताना. स्टुडिओचं मशीन रुंद वाचतं, त्याला जातानाचं आणि येतानाचं एकदमच ऐकू येतं. वेगही वेगळा. तुमच्याकडे सेकंदाला पावणेचार इंच फीत जाते, इथे कमीत कमी साडेसात. "मग कार्ट्रिज आलं," ते म्हणाले, "पुस्तकाएवढा डबा, आत फितीचं न संपणारं वेटोळं. मागे फिरवायची सोय नाही, आणि गाण्याच्या मध्येच खटकन् आवाज व्हायचा. गाड्यांमध्ये लावायचे लोक. आपल्याकडे फार आलंच नाही. मग ही कॅसेट. फीत निम्म्या रुंदीची, वेग पावणेचारच्याही निम्मा. सुरुवातीला ही फक्त पत्र सांगायला, डिक्टेशनला. गाणं यात कोण भरणार, असं म्हणायचे." त्यांनी फीत काढून परत गुंडाळली. "प्रत्येक नवीन वस्तू आली की जुन्यातलं सगळं तिथेच अडकतं, ताई. आमच्या वस्तीत चौदा एप्रिलच्या जयंतीला मोठमोठे गायक यायचे. मी रात्र-रात्र स्पूलवर घेतलं. अकरा स्पूल आहेत. माझ्याकडे ऐकायला धड मशीन नाही. आणि धंदा हाच."

त्यांनी दोन महिने खटपट केली. चोरबाजारात जाऊन बघितलं, एक यंत्र मिळालं त्यात हेडच नव्हतं. शेवटी दुसऱ्याच कसल्यातरी यंत्राचा पट्टा त्यांनी बाबांच्या यंत्रात बसवला. "थोडा जाड आहे," ते म्हणाले. "किंचित पळेल." त्या 'किंचित'वर मी काही विचारलं नाही. मला तेव्हा पट्टा मिळाल्याचाच आनंद झाला होता.

गाळ्यातच वायर जोडून त्यांनी एकीकडे स्पूल आणि दुसरीकडे कॅसेट लावली. शेजारचे लेथ जेवणाच्या सुट्टीत बंद झाले तेवढ्या वेळात काम करायचं होतं, नाहीतर विजेचा दाब खालीवर व्हायचा. आम्ही दोघं चकत्यांकडे बघत बसलो. पहिला स्पूल पूर्ण उतरला. दुसरा अर्ध्यावर आला तेव्हा जळका वास आला. काकांनी झडप घालून प्लग काढला. मोटर जळाली होती. त्यांनी हात लावला, झटकन मागे घेतला आणि म्हणाले, "सॉरी, ताई." 

चार स्पूल राहिले ते राहिलेच.

मी एक साधा कॅसेट प्लेअर घेतला होता. घरी येऊन लावला. आवाज स्वच्छ होता. बाबांनी ऐकलं, मान वळवली. गायला सुरुवात केली. आई माझा हात धरून उभी होती. आणि मग अंतरा आला. सूर वर गेला आणि बाबांचा आवाज फुटला. त्यांनी परत प्रयत्न केला. परत फुटला. स्पूल किंचित पळत होता, त्यामुळे कॅसेटवरचे बाबा त्यांच्या काळी दोनच्या वर कुठेतरी गात होते, आणि पलंगावरच्या आजारी माणसाला ते गाठायचे होते. मानेच्या शिरा फुगल्या, तोंड लाल झालं. ठसका लागला. मी बंद केलं. त्यांनी डावा हात पलंगावर आपटला. परत लाव. परत लावलं. परत तेच.

आठवडाभर हे चाललं. आई म्हणाली, "बंद कर गो ता. तेंचा जीव जायत." बंद केलं तर ते आपटत राहायचे, चालू केलं तर घसा फाडायचे.  मी शाळेत पोरांवर ओरडायला लागले होते.

मी साकीनाक्याला जाऊन काकांना सांगितलं. ते रविवारी दुपारी घरी आले, टेकडी चढून, धापा टाकत. बाबांना नमस्कार केला. मला म्हणाले, "कॅसेट प्लेअरच्या मोटरमध्ये एक बारीक स्क्रू असतो. त्याने वेग कमी करता येतो. पण किती, ते मला कसं कळणार? पेटी आहे का घरात?" पेटी पेटीवाल्याबरोबर गावी गेली होती. काकांनी मग स्टूल पलंगाजवळ ओढलं आणि बाबांनाच म्हणाले, "बुवा, तुम्हीच सांगा. मी फिरवतो. बरोबर झालं की सांगा."

कॅसेट चालू होती. त्यांनी मागच्या भोकातून छोटा स्क्रूड्रायव्हर घातला आणि अगदी हळू फिरवायला लागले. आवाज उतरू लागला. बाबांनी डोळे मिटले. सूर उतरत उतरत एका ठिकाणी आला. मला वाटलं, हाच. मग वाटलं, नाही, अजून थोडं. माझा कान काही बुवांचा नव्हता.

"असू दे," बाबा म्हणाले.

काकांनी लगेच हात काढला. "झालं!" त्यांच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. त्यांना कोण सांगणार की बाबा सगळ्यालाच 'असू दे' म्हणतात? आणि कोण जाणे, त्या दिवशी त्यांना खरंच तेच म्हणायचं असेल. मी बाबांच्या डाव्या हाताकडे बघितलं. पट्टी चुकली की व्हायचा तसा तो वर झाला नव्हता, पण आपटून दमला की तो त्यांना उचलताही यायचा नाही. आई पदराने डोळे पुसत चहा ठेवायला गेली.

आम्ही चौघं ऐकत बसलो. अंतरा आला, आता तो त्यांना गाठता आला असता. बाबा गायले नाहीत. पूर्ण कॅसेट संपेपर्यंत ते डोळे मिटून पडून राहिले. काका म्हणाले, "दमले असतील." दुसऱ्या दिवशी मी परत लावली. तिसऱ्या दिवशीही. ते ऐकत. आपटणं बंद झालं होतं, गाणंही. त्यांची पट्टी सापडली म्हणून ते शांत झाले, की सापडली नाही म्हणून त्यांनी सोडून दिलं? मी विचारलंसुद्धा. किती वेळा विचारलं.

ते आणखी दीड वर्ष होते. आई रोज दुपारी कॅसेट लावायची, संपली की पालटायची, आणि त्यांच्या पायाला तेल चोळत बसायची. बोलणं ती एकटीच बोलायची. एका सकाळी त्यांनी चहा गिळला नाही, आणि संध्याकाळपर्यंत ते गेले.

बाराव्याला पखवाजवाले गावाहून आले. फार म्हातारे झाले होते. जेवणं उरकल्यावर, पाहुणे गेल्यावर मी त्यांना कॅसेट प्लेअर दाखवला आणि म्हटलं, "तुम्ही वीस वर्षं त्यांच्यासोबत वाजवलंत. ऐका आणि मला सांगा, ही त्यांची पट्टी आहे का?"

ते मांडी घालून बसले. "सगळे गप. मशीन चालू," ऐकल्यावर त्यांनी मान खाली घातली. मग गुडघ्यावर बोटं चालायला लागली. एक अभंग झाला, दुसरा झाला. मी वाट बघत होते. शेवटी मीच विचारलं, "सांगा ना, हीच का?"

"काय सांगू गो," ते म्हणाले. "त्येचोच आवाज. पण पट्टी... माझे कान गेले आता. माका सांगूक येवचा नाय."

आईने त्यांना आणखी चहा दिला. त्यांनी पखवाज सोबत न्यायचं ठरवलं होतं, पण उचलायला गेले तर एकट्याने उचलेना. मी त्यांच्यासोबत टेकडी उतरले, पखवाज एका बाजूने धरून, आणि खाली एसटी स्टँडला जाणाऱ्या बसमध्ये त्यांना पखवाजासकट बसवून दिलं.